विश्लेषण : पेणला मळभ, रोह्याला सरी, घाटावर गारा... डोंगराळ भागात हिवाळी पावसाचा अंदाज का चकवतो?

दिवाळी उलटली, भात खळ्यावरून घरात आले आणि वालाचे बी जमिनीत पडले की पेण-रोह्यात पावसाचा विषय संपतो. निदान संपायला हवा. पण गेल्या काही वर्षांत डिसेंबर-जानेवारीतही अधूनमधून मळभ दाटते आणि घराघरांत मोबाइल उघडले जातात. एक ॲप ‘पाऊस ६० टक्के’ म्हणते, दुसरे दिवस कोरडा असल्याचे सांगते. हवामान विभागाच्या पत्रकात ‘कोकणात तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ एवढेच असते. प्रत्यक्षात पेणला चार शिंतोडे पडतात, रोह्याला तासभर सरी येतात आणि त्याच दिवशी घाटावरून गारा पडल्याचे व्हिडीओ येतात. हे सगळे एकाच ढगाळ प्रणालीचे काम असते. मग अंदाज एकच का नसतो?

हिवाळ्यात कोकणात पाऊस येतोच कुठून?

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ऑक्टोबरात परतीच्या सरी येतात. डिसेंबर ते फेब्रुवारीचा सरासरी पाऊस नाममात्र असतो. सरासरी नाममात्र म्हणजे दरवर्षी थोडा थोडा, असे मात्र नव्हे. पाच-सहा वर्षे थेंब पडत नाही आणि एखाद्या वर्षी दोन दिवसांत सगळी कसर भरून निघते.

हा पाऊस येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली पश्चिमी विक्षोभांची. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण, अफगाणिस्तानमार्गे हिमालयाकडे सरकणाऱ्या या प्रणाली काश्मीर-हिमाचलात बर्फ आणतात. एखादी प्रणाली नेहमीपेक्षा दक्षिणेकडे झुकली की तिची शेपटी गुजरात-महाराष्ट्रापर्यंत पोहोचते. जानेवारी २०२२ मध्ये अशाच प्रणालीबरोबर मुंबई-कोकणात हलका पाऊस झाला आणि २३ जानेवारीला पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीने आकाश पांढुरके झाले. सकाळी गाड्यांवर पिठासारखा थर होता, ते अनेकांना आठवत असेल.

दुसरी वाट अरबी समुद्राची. नोव्हेंबर-डिसेंबरात दक्षिण अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि कधी ते वादळाचे रूप घेते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ गुजरातकडे जाता जाता विरले, पण त्याआधी मुंबई-कोकणात इतका पाऊस झाला की ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, रायगड, पालघरमधल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली.

खरी गंमत आणि खरी पंचाईत होते ती या दोन्ही वाटा एकाच वेळी उघडल्या तर. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला तेच झाले. समुद्रावरून बाष्प आले, उत्तरेकडून थंड हवा आली आणि दोघांची गाठ महाराष्ट्रावर पडली. मुंबई-रायगडात भर डिसेंबरात पावसाळ्यासारखा पाऊस झाला. घाटापलीकडे जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागांत त्याच पावसाने शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. तिथे पाऊस कोकणापेक्षा फार जास्त होता असे नाही. लोकर भिजली, त्यावर वारा सुटला आणि तापमान उतरले. सह्याद्रीच्या एका अंगाला चिखल आणि दुसऱ्या अंगाला मरणाची थंडी अशी दोन रूपे एकाच प्रणालीने दाखवली.

दोन-चार मिलिमीटरने असे काय बिघडते?

हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरला जातो. २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हलका पाऊस’. जुलैत पेणमध्ये १५ मिलिमीटर पावसाला कोणी पाऊसही म्हणत नाही. जानेवारीत तेवढ्याच पावसाने पुढच्या तीन महिन्यांचा हिशेब बदलतो.

वीटभट्टीचे उदाहरण घ्या. पेण, रोहा, सुधागड या पट्ट्यातली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे मिळते. थापलेली कच्ची वीट उन्हात वाळेपर्यंत ती चिखलच असते. रात्री अर्धा तास सर आली की ओळीने लावलेल्या विटांच्या कडा विरघळतात आणि दोन-तीन दिवसांची मेहनत पुन्हा मातीत जाते. उचल मात्र अंगावर राहते. संध्याकाळी चार वाजता ‘रात्री पाऊस येणार’ हे खात्रीने कळले तर प्लास्टिक आणि पेंढा टाकून बराच माल वाचतो. म्हणजे या माणसाला पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा पाच तासांचा अंदाज जास्त मोलाचा.

वालाचे गणित वेगळे. भात काढल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दहिवरावर हे पीक येते. त्याला पाणी नको असे नाही, पण फुलोऱ्यात पाऊस आणि नंतर तीन-चार दिवस मळभ म्हणजे फूलगळ आणि मावा. शेंगा भरल्या नाहीत तर फेब्रुवारीत कडव्या वालाचे दाणे कमी निघतात आणि त्याआधी पोपटीच्या मडक्यात घालायलाही शेंगा मिळत नाहीत. आंब्याचा मोहोर तर याहून नाजूक. पाऊस थेट मोहोर झाडतोच, पण खरे नुकसान मागाहून येते. ओलाव्याने करपा आणि भुरी वाढते, ढगाळ हवेत तुडतुडे वाढतात. शिवाय आदल्या दिवशी फवारलेले औषध धुऊन जाते आणि ती फवारणी पुन्हा करावी लागते. बागायतदार अंदाज पाहतो तो ‘पाऊस येईल का’ यापेक्षा ‘आज फवारू की परवा’ यासाठी.

पेणच्या हमरापूर, जोहे परिसरातल्या गणपती कारखान्यांत वर्षभर काम चालते. शाडूची मूर्ती सावलीत आणि कोरड्या हवेत हळूहळू सुकावी लागते. हिवाळ्याची कोरडी हवा हा त्या धंद्याचा मोठा आधार. दमट हवेचे चार दिवस आले की मूर्ती जागा अडवून बसतात. नुकसान वीटभट्टीसारखे एका रात्रीत होत नाही, पण कामाची साखळी अडते. पोहे-पापडाच्या उद्योगाचेही तसेच.

एकाच ढगातून पाऊस, गारा की बर्फ, हे कोण ठरवते?

ढगातल्या तापमानापेक्षा ढगाखालच्या हवेतले तापमान ते जास्त ठरवते. हिवाळ्यात कोकणावर शून्य अंशाची पातळी साधारण चार ते साडेचार किलोमीटर उंचीवर असते. ढग त्याच्या वर गेला की वरच्या भागात बर्फाचे कण तयार होतात. रोह्यात अंगावर पडणारा थेंब वर असताना बऱ्याचदा बर्फाचा कणच असतो. चार किलोमीटर उबदार हवेतून खाली येताना तो वितळतो. रडारवर हा वितळण्याचा थर एका ठळक पट्ट्यासारखा दिसतोही.

गार हे वेगळे प्रकरण. जोरदार वर जाणाऱ्या हवेत पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतात आणि बर्फाच्या कणावर आदळून थरावर थर गोठतो. गार जड झाली की पडते. एक सेंटिमीटर व्यासाची गार सेकंदाला साधारण दहा मीटर वेगाने खाली येते. चार किलोमीटर यायला तिला पाच-सात मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात कोकणातल्या ओल्या, उबदार हवेत ती बरीचशी वितळते. लहान गार तर पोहोचतच नाही, तिचा टपोरा, गार थेंब होतो. म्हणून ‘इतका थंड पाऊस कसा?’ असे कधी वाटले तर ती बहुधा वितळलेली गार असते.

पुणे, नाशिकची जमीन समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-सहाशे मीटर उंच आहे. गारेचा प्रवास तेवढा कमी होतो. शिवाय पठारावरची हवा कोरडी असते, गारेच्या पृष्ठभागावरचे पाणी भराभर वाफ होऊन उडते आणि त्या क्रियेत गार थंड राहते. घाटावर दुपारी जमीन जास्त तापत असल्याने ढगांना जोरही जास्त मिळतो. म्हणून फेब्रुवारी-मार्च २०१४ ची प्रदीर्घ गारपीट प्रामुख्याने मराठवाडा, विदर्भ, मध्य महाराष्ट्राला भोवली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीने नाशिकच्या निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागा झोडपल्या. कोकणात गारा पडतच नाहीत असे नाही, पण त्या विरळाच.

पाऊस की बर्फ, हा प्रश्न हिमालयातल्या अंदाजकाराला रोज पडतो. शिमल्यासारख्या साधारण २,२०० मीटर उंचीच्या शहरात एक-दीड अंशाच्या फरकाने पावसाचा बर्फ होतो. पाऊस सुरू झाला की बाष्पीभवनाने हवाच थंड होत जाते आणि तासाभरात थेंबाची जागा भुरभुरणारे हिम घेते. वरच्या बाजारात बर्फ आणि खालच्या वस्तीत चिखल, असे एकाच शहरात दिसते. अमेरिकेच्या पूर्व भागात याहून घातक प्रकार होतो. वर उबदार आणि जमिनीलगत शून्याखालची हवा असेल तर पाऊस पडतो पाण्याचाच, पण रस्त्याला टेकताच काचेसारखा गोठतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या नातेवाईकांनी ‘आज गाडी बाहेर काढायची नाही’ म्हटले तर बऱ्याचदा कारण हे असते. हवेचा कोणता थर किती जाड आहे, हे शे-दोनशे मीटरच्या अचूकतेने कळले तरच असा अंदाज बरोबर येतो.

मग महाबळेश्वरला ‘बर्फ’ पडतो, तो काय?

दरवर्षी थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात गवतावर, जीपच्या टपावर पांढरा थर दिसल्याच्या बातम्या येतात. तो आकाशातून पडलेला नसतो. रात्री निरभ्र आकाशाखाली जमीन उष्णता गमावते, थंड आणि म्हणून जड झालेली हवा उतारावरून खोलगट भागात गोळा होते आणि पडलेले दव गोठते. त्याच पहाटे वेधशाळेचा तापमापक शून्याच्या पाच-सहा अंश वर असू शकतो. यात कोणी खोटे बोलत नाही. तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर, लाकडी पेटीत असतो. गवताचे पाते जमिनीला लागून असते.

तीच उतरती थंड हवा कुंडलिकेच्या खोऱ्यातही येते. इथे दव गोठण्याइतकी थंडी पडत नाही, पण कोलाड ते रोहा पट्ट्यात पहाटे धुके साचते ते याच कारणाने. सहाशे-सातशे फुटांवरच्या वाडीत स्वच्छ ऊन असते आणि खाली नदीकाठ दह्यासारखा पांढरा. पहाटेची लोकल किंवा एसटी पकडणाऱ्यांना हे सांगायला नको.

डोंगर अंदाज नेमका कसा बिघडवतात?

पावसाळ्यात सह्याद्रीचे गणित तुलनेने सरळ असते. नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरून येतो, भिंतीवर आदळतो, वर चढतो, थंड होतो आणि पाऊस पडतो. घाटमाथ्यावर सर्वाधिक, पलीकडे झपाट्याने कमी. हिवाळ्यात वाऱ्याची दिशाच ठरलेली नसते. एरवी तो ईशान्येकडून, पठारावरून येतो. घाट उतरताना हवा दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. रोह्याच्या पूर्वेला, घाटाच्या अगदी पायथ्याशी भिरा आहे. मुळशी धरणाचे पाणी तिथे सुमारे पाचशे मीटर खाली उतरते आणि टाटांच्या वीजगृहात वीज तयार होते. याच भिऱ्यात २८ मार्च २०१७ रोजी ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि त्या दिवशी देशभर भिऱ्याचे नाव गाजले. आकडा आजूबाजूच्या केंद्रांपेक्षा इतका वेगळा होता की त्याच्या अचूकतेवरही चर्चा झाली. पायथ्याच्या खोलगट खोऱ्यात हवा कशी वागते, हे शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या केंद्रावरून ओळखता येत नाही, एवढे त्यातून नक्की दिसले.

समुद्रात कमी दाब असेल तेव्हा वारा आग्नेय किंवा दक्षिणेकडे वळतो. दुपारी खाडीकडून वायव्येचा समुद्री वारा सुटतो. तो धरमतरच्या खाडीवरून पेणकडे आणि रेवदंड्याच्या खाडीवरून कुंडलिकेच्या खोऱ्यातून रोह्याकडे शिरतो. हे दोन वारे एकमेकांना जिथे भिडतात तिथे हवा वर उचलली जाते आणि तिथेच सर येते. ही जागा आज महालमिऱ्याच्या डोंगरावर असेल, उद्या अवचितगडाच्या अंगाला, परवा सुधागडाजवळ. नागोठणे अंबा नदीच्या खोऱ्यात आणि रोहा कुंडलिकेच्या. मधे डोंगराची एक रांग. सरळ रेषेत अंतर फार नाही, पण हिवाळी सरींसाठी ती दोन वेगळी गावे आहेत.

रडारवर पाऊस दिसतो, अंगणात का नाही?

मुंबई-रायगडच्या आकाशावर कुलाबा आणि वेरावली (जोगेश्वरी) इथल्या डॉप्लर रडारची नजर असते. वेरावलीचे रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाले. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी वाकलेली आहे, म्हणून जितके दूर जावे तितका किरण जमिनीपासून उंच राहतो. कुलाब्याहून पेण सरळ रेषेत ३५ किलोमीटरच्या आत आहे. सर्वांत खालचा, अर्ध्या अंशाचा किरण तिथे साधारण चारशे मीटरवरून जातो. रोहा ६० किलोमीटरवर, तिथे तो पाऊण किलोमीटर उंचीवर असतो. पावसाळ्यात याने फार बिघडत नाही, कारण वर दिसलेला पाऊस खाली पोहोचतोच. हिवाळ्यात खालची हवा कोरडी असते. दोन-तीन किलोमीटर उंचीच्या ढगातून थेंब निघतो आणि पडता पडता हवेत विरतो. मोबाइलवरच्या रडार चित्रात रोह्यावर निळा-हिरवा ठिपका असतो आणि पाटीलआळीतले अंगण कोरडे ठणठणीत.

उलटही होते. विरणारे थेंब खालची हवा ओली आणि थंड करत जातात. तासा-दोन तासांनी तीच हवा पुरेशी ओली झाली की पुढची सर थेट जमिनीवर येते. पहिले दोन ठिपके फसवे निघाले म्हणून तिसऱ्याकडे दुर्लक्ष केले आणि विटा भिजल्या, असे घडते ते यामुळे.

संगणकाला महालमिऱ्या दिसतो का?

नुसता ‘नाही’ म्हटले तरी चालेल, पण थोडा तपशील पाहू. हवामानाची संगणकीय प्रारूपे पृथ्वीची चौकटींत वाटणी करतात आणि प्रत्येक चौकटीला एक उंची, एक तापमान, एक पाऊस देतात. देशात गेली काही वर्षे वापरात असलेल्या जागतिक प्रारूपाची चौकट १२ किलोमीटरची. म्हणजे १४४ चौरस किलोमीटरला एकच आकडा. पेण शहर, खारेपाटातली गावे आणि मागचा डोंगर हे सगळे त्यात एक-दोन चौकटींत बसते. घाटाची उभी भिंत प्रारूपात लांबलचक चढण होते. वारा भिंतीवर आदळून वर उसळण्याऐवजी आरामात चढतो आणि पाऊस चुकीच्या जागी पडतो.

२६ मे २०२५ रोजी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) तयार झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. तिची चौकट सहा किलोमीटरची आहे, म्हणजे क्षेत्रफळाने आधीच्या चौपट बारीक. हा मोठा टप्पा आहे. तरीही खोऱ्याची रुंदी तीन-चार किलोमीटर असेल तर सहा किलोमीटरच्या चौकटीत ती दिसत नाही. त्यासाठी मर्यादित भागापुरती तीन-चार किलोमीटरची प्रारूपे वापरली जातात, पण ती चालवायची तर सुरुवातीची परिस्थिती तितक्याच बारकाईने माहीत हवी. सुरुवातीचा आकडाच अंदाजाने भरला तर बारीक चौकट बारीक चुका करते.

मोबाइल ॲप यावर आणखी एक थर चढवते. त्याच्यामागे बहुतेक वेळा एखादे जागतिक प्रारूप असते. तुम्ही ‘रोहा’ टाइप केले की शेजारच्या चौकटींचे आकडे मिसळून तुमच्या नावाने उत्तर दिले जाते. गावाचे नाव आणि ताशी चित्रे पाहून वाटते की रोह्यासाठी कोणी वेगळा अंदाज केला आहे. तसे नसते. दोन ॲपची उत्तरे वेगळी येतात कारण त्यांची प्रारूपे वेगळी असतात. ॲप बदलत राहण्याने यातून सुटका नाही.

आणि ‘३० टक्के’ म्हणजे काय? दिवसातला ३० टक्के वेळ किंवा गावाच्या ३० टक्के भागात पाऊस, असा त्याचा अर्थ नाही. प्रारूप एकदाच न चालवता सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलून अनेकदा चालवतात. हवामान विभागाच्या अशा एका प्रणालीत २१ वेगवेगळी गणिते चालतात. त्यांतल्या सहा-सात गणितांत तुमच्या भागात पाऊस आला तर शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास. अशा दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस आला तर अंदाज बरोबर ठरला. ज्याच्या विटा उघड्यावर आहेत त्याने ३० टक्क्यांलाही प्लास्टिक टाकावे. ज्याला फक्त लग्नाच्या मांडवाची चिंता आहे त्याने पाहुणे किती यावर ठरवावे.

विम्याचा वाद पर्जन्यमापकाशी का येऊन थांबतो?

अंदाज चुकला तर एक दिवस वाया जातो. नोंद चुकली तर हंगामाची भरपाई जाते. आंबा, काजूसाठी राज्यात पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना आहे. तिच्यात बागेत जाऊन नुकसान मोजत नाहीत. ठरलेल्या काळात अवेळी पाऊस, जास्त किंवा कमी तापमान यांनी ठरावीक पातळी ओलांडली का, हे संदर्भ हवामान केंद्राच्या नोंदीवरून पाहतात. ओलांडली तर मंडळातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई, नाही तर कोणालाच नाही. गारपिटीचे संरक्षण त्यात वेगळे, जादा हप्ता भरून घ्यावे लागते.

कल्पना वाईट नाही. पंचनाम्याची दिरंगाई आणि वशिला दोन्ही टळतात. पण मग सगळा भार त्या एका केंद्रावर येतो. ‘महावेध’ प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली, राज्यभर दोन हजारांवर. पूर्वी तालुक्याला एक पर्जन्यमापक असायचा, त्या मानाने ही प्रगतीच. सपाट प्रदेशात मंडळाला एक केंद्र पुरते. रोहा तालुक्यात मात्र एका मंडळातच खाडीकाठ, खोरे आणि डोंगरावरची वाडी असते. केंद्र बहुधा रस्त्यालगत, पोहोचायला सोप्या सपाट जागी. बाग डोंगर उतारावर. हिवाळी सर दोन-तीन किलोमीटर रुंदीची. ती बागेवर पडून केंद्राला चुकवून गेली तर कागदावर त्या दिवशी पाऊसच नाही. उलट केंद्रावर पडली आणि बाग कोरडी राहिली तरी भरपाई मिळते, हेही खरे. पण त्याची तक्रार कोणी करत नाही.

डोंगराळ मंडळांत केंद्रांची संख्या क्षेत्रफळावर न ठरवता उंची आणि खोऱ्यांवर ठरवावी, ही मागणी रास्त आहे. शाळा, ग्रामपंचायत, वनखात्याची चौकी अशा ठिकाणी साधे पर्जन्यमापक बसवायला फार पैसा लागत नाही. रोज सकाळी साडेआठला नोंद घेणारा माणूस मात्र लागतो. विम्यासाठी नाही तरी अंदाज सुधारायला या नोंदींचा उपयोग होईल. आयआयटीएमने २०१२ मध्ये महाबळेश्वरला उंचावरची ढग-भौतिकी प्रयोगशाळा उभारली. सह्याद्रीवरच्या ढगांविषयी तिथून बरेच कळत आहे. घाटमाथ्यावर ढग मोजले जातात तेव्हा पायथ्याच्या खोऱ्यांतही मोजणी वाढली तरच दोन्ही टोके जोडता येतील.

तोवर पत्रक कसे वाचायचे?

हवामान विभागाच्या पत्रकातले शब्द ठरीव अर्थाचे असतात आणि ते अर्थ फारसे कोणाला सांगितले जात नाहीत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. कोकणासाठी ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ असे म्हटले आणि पेण कोरडे राहिले तर अंदाज चुकला असे म्हणता येत नाही. पालघर ते सिंधुदुर्ग इतक्या मोठ्या पट्ट्यातल्या चौथ्या हिश्शापर्यंतच तो पाऊस अपेक्षित होता. म्हणून विभागाचे पत्रक न पाहता जिल्ह्याचे पाहावे.

रंगांचाही तसाच घोळ होतो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग पावसाबरोबरच त्याच्या संभाव्य परिणामाचेही असतात. हिवाळ्यात पिवळा इशारा अनेकदा विजांसह पावसासाठी असतो. पाऊस पाच मिलिमीटर आणि वीज एकच, पण ती डोंगरावरच्या गुराख्यासाठी पुरेशी. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. शेतीच्या सल्ल्यासाठी ‘मेघदूत’ आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. कोकणासाठी तो दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांच्या शिफारशींवर तयार होतो. त्यात वाल, आंबा, काजू यांची त्या आठवड्याची अवस्था आणि फवारणी कधी टाळावी हे लिहिलेले असते. पावसाच्या टक्केवारीपेक्षा या ओळी जास्त कामाच्या.

पाच दिवस आधी प्रणाली येते आहे का एवढेच पाहावे. दोन दिवस आधी वारा कुठून येणार ते पाहावे. दक्षिण किंवा आग्नेयेचा वारा असेल तर बाष्प येणार, ईशान्येचा असेल तर मळभ येऊन जाण्याची शक्यता जास्त. त्या दिवशी दुपारनंतर मात्र तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि रडारची लागोपाठची चित्रे यांवर भिस्त ठेवावी. एकच चित्र पाहून काही कळत नाही. तीन-चार चित्रांत ठिपका सरकतो आहे की जागच्या जागी विरतो आहे, ते दिसते. रोह्यासाठी चणेऱ्याच्या बाजूने सरकत येणारा ठिपका आणि पेणसाठी खाडीवरून येणारा ठिपका गंभीरपणे घ्यावा. डोंगरावर उगवून तिथेच मावळणारा ठिपका बहुतेक वेळा डोंगरापुरताच असतो.